टेलिकन्व्हर्टर लावावा की क्रॉप करावा? ठाणे खाडीवरच्या चाचणीच्या नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार. ठाणे

काम असं: खाडीकाठच्या पाणपक्ष्यांच्या पायातल्या कड्या आणि झेंडे यांवरचे कोड फोटोतून वाचायचे. चिखल्या, तुतारी, टिलवा असे हातभर लांबीचेही नसलेले पक्षी, आणि त्यांच्या पायावर काही मिलिमीटरची अक्षरं. ५०० मिमी लेन्स अपुरी पडते. ६०० एफ/४ (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त) किंवा ८०० मिमी परवडत नाही आणि बांधावरून वाहून नेणंही अवघड. म्हणून प्रश्न इतकाच, की १.४ पट आणि २ पट टेलिकन्व्हर्टरने (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारा, फोकल लांबी तितक्या पटीने वाढवणारा भिंगगट) कोड खरोखर जास्त वाचता येतात, की नुसत्या ५०० मिमीचा फोटो क्रॉप केला, म्हणजे मधला भाग कापून मोठा केला, तरी तेवढंच हाती लागतं?

‘फोटो छान दिसतो का’ हा निकष मुद्दाम ठेवलेला नाही. छान दिसण्यावर वाद घालता येतो. अक्षर वाचता आलं की नाही, यावर फारसा घालता येत नाही.

साहित्य: निकॉन ५०० मिमी एफ/५.६ पीएफ (१४६० ग्रॅम), निकॉन २००-५०० मिमी एफ/५.६ झूम (कॉलरसह २३०० ग्रॅम), टीसी-१४ई थ्री (१९० ग्रॅम), टीसी-२०ई थ्री (३३० ग्रॅम). बॉडी दोन: आरशाची डी५००, आणि बिनआरशाची झेड८, एफटीझेड टू अडॅप्टरसह (एफ माउंटच्या लेन्स झेड माउंटवर बसवणारा). ट्रायपॉड, गिंबल हेड, ३० मीटरची टेप.

जोडणीचा क्रम: झेड८ला आधी एफटीझेड, मग एफ माउंटचा कन्व्हर्टर, मग लेन्स. झेड माउंटचा कन्व्हर्टर एफटीझेडसोबत चालत नाही. दोन्ही कन्व्हर्टरांचं पुढचं भिंग बाहेर आलेलं असतं, त्यामुळे ज्या लेन्सचं मागचं भिंग माउंटच्या अगदी जवळ आहे तिथे ते आपटतं. कन्व्हर्टर टेबलावर तोंड खाली करून ठेवू नये, आणि त्याची स्वतःची खोलगट टोपीच वापरावी. साधी बॉडी कॅप भिंगाला टेकते.

५ जानेवारी, रविवार. कागदावरचा हिशेब

सेन्सरवर पडणारी प्रतिमा = फोकल लांबी × वस्तूची उंची ÷ अंतर. अक्षर ५ मिमी उंच धरलं. झेड८चा एक पिक्सेल सुमारे ४.३५ मायक्रॉनचा, डी५००चा ४.२२. म्हणजे पिक्सेलची दाटी जवळपास सारखीच, फक्त डी५००ची फ्रेम लहान. झेड८वर अक्षराची उंची अशी येते:

२० मीटर: ५०० मिमीला २९ पिक्सेल, ७०० ला ४०, १००० ला ५७
४० मीटर: १४, २०, २९
६० मीटर: १०, १३, १९
८० मीटर: ७, १०, १४

८-१० पिक्सेलच्या खाली गेलं की ‘बी’ आणि ‘८’, ‘ई’ आणि ‘एफ’, ‘सी’ आणि ‘जी’ यांच्यात घोळ होतो. १४-१५ च्या वर बहुतेक अक्षरं सुटी ओळखू येतात, पण फोटो खरोखर शार्प असेल तरच. या हिशेबाप्रमाणे १.४ कन्व्हर्टरचा उपयोग साधारण ४० ते ८० मीटरच्या पट्ट्यात व्हायला हवा. त्याच्या आत नुसती लेन्स पुरते, आणि पलीकडे काय होतं ते हवा ठरवते. तो भाग पुढे येईल.

आता प्रकाशाचं. १.४ ने एक स्टॉप जातो, म्हणजे सेन्सरवरचा प्रकाश निम्मा होतो, २ ने दोन. हे सगळे सांगतात, आणि त्यावरून ‘आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढला म्हणजे नॉइज (फोटोतली खरखर) वाढला’ असा निष्कर्ष काढला जातो. क्रॉपशी तुलना करताना तो निष्कर्ष टिकत नाही. ५०० एफ/५.६ चं प्रकाश घेणारं तोंड ८९ मिमीचं. कन्व्हर्टर मागे लावला तरी ते ८९ मिमीच राहतं. पक्ष्याकडून लेन्समध्ये शिरणारा प्रकाश तेवढाच, फक्त तो १.४ मध्ये दुप्पट आणि २ मध्ये चौपट क्षेत्रावर पसरतो. शटर तेच ठेवून ५०० ला आयएसओ ८००, ७०० ला १६०० आणि १००० ला ३२०० असे तीन फोटो काढले, पहिले दोन क्रॉप करून पक्षी सारख्याच आकाराचा केला, तर नॉइज जवळपास सारखाच दिसायला हवा. कन्व्हर्टरची खरी किंमत नॉइजमध्ये नसून तीन ठिकाणी मोजावी लागते: ऑटोफोकस, लेन्सचे दोष मोठे होणं आणि पक्षी फ्रेममध्ये सापडणं.

दोष मोठे होणं म्हणजे काय, तेही लिहून ठेवतो. कन्व्हर्टर हा मुळात किरण पसरवणारा भिंगगट आहे. मूळ लेन्सने तयार केलेल्या प्रतिमेचा मधला भाग तो ताणतो. त्या भागात लेन्सने जेवढा तपशील आणला असेल तेवढाच ताणला जातो. रंगाची किनार, धूसरपणा, फोकसची चूक, सगळं १.४ किंवा २ पटींनी वाढतं. लेन्समध्ये नसलेला तपशील कन्व्हर्टर निर्माण करत नाही. लेन्सने आणलेला पण पिक्सेल मोठे असल्यामुळे हातातून निसटलेला तपशील मात्र तो पकडून देतो.

यातूनच बॉडीचा मुद्दा निघतो. फुल फ्रेम २४ मेगापिक्सेलच्या बॉडीत पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा. तिथे ४० मीटरवर ५०० मिमीला साडेदहा पिक्सेलच मिळतात, म्हणून कन्व्हर्टरचा फायदा ठळक. उलट कॅनन आर७ सारख्या ३.२ मायक्रॉनच्या बॉडीवर नुसत्या लेन्सलाच जवळपास २० पिक्सेल मिळतात. तिथे २ पट लावून हाती फारसं लागत नाही. एफ/११ ला प्रकाशाचा ठिपका विवर्तनाने जवळपास १५ मायक्रॉनचा झालेला असतो, म्हणजे तो चार-पाच पिक्सेलवर पसरतो. एकाच कन्व्हर्टरबद्दल एकजण ‘जादू’ म्हणतो आणि दुसरा ‘कचरा’, याचं निम्मं उत्तर बॉडीत असतं.

१२ जानेवारी, रविवार. माजिवडा, सोसायटीचं पोडियम पार्किंग

हवा आणि पक्षी दोन्ही बाजूला ठेवून फक्त काच तपासायची, म्हणून बंदिस्त जागा.

लक्ष्य: २०० जीएसएमच्या मॅट कागदावर ५ मिमी उंचीची दोन-दोन अक्षरं आणि अंक. काही पांढऱ्यावर काळी, काही केशरीवर काळी. पट्ट्या कापून २० मिमीच्या पीव्हीसी पाइपला गुंडाळल्या, कारण खरा झेंडाही सपाट समोर येत नाही. चकचकीत कागद नको, दिव्याचा झोत त्यावर परततो. कोड एकाने छापायचे आणि वाचायचे दुसऱ्याने, नाहीतर डोळा आधीच माहीत असलेलं अक्षर ‘वाचतो’.

४० मीटरची सरळ रेषा मिळाली. ट्रायपॉड, व्हीआर (लेन्समधली थरथर कमी करणारी यंत्रणा) बंद, इलेक्ट्रॉनिक शटर, दोन सेकंदांचा टायमर, फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठं करून हाताने. प्रत्येक जोडीला अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, मग एक स्टॉप बंद.

५०० पीएफ, कन्व्हर्टरशिवाय: पांढऱ्यावरची सगळी अक्षरं वाचता आली. केशरीवर ‘बी’-‘८’ अडलं.
५०० पीएफ + १.४: एफ/८ लाच केशरीवरचीही वाचता आली. एफ/११ ला फरक नाही.
५०० पीएफ + २: एफ/११ ला अक्षरं मोठी पण कडा मऊ. वाचता येतात, तरी १.४ पेक्षा एकही अक्षर जास्त नाही.
झूम ५०० वर + १.४: एफ/८ ला कॉन्ट्रास्ट पडलेला. एफ/११ ला बरा. नुसत्या झूमच्या क्रॉपपेक्षा किंचित उजवा, इतकंच.
झूम + २: क्रॉपपेक्षा काहीही जास्त नाही. ही जोडी पुढच्या चाचण्यांतून काढली.

शेवटच्या दोन ओळी महत्त्वाच्या. ‘कन्व्हर्टर चांगला का’ असा सुटा प्रश्न विचारून भागत नाही. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला जी लेन्स आधीच तडफदार आहे तिलाच तो मानवतो. जी लेन्स एक स्टॉप बंद केल्यावर खुलते, तिला कन्व्हर्टर लावला की एफ/११ वर जावं लागतं, आणि मग सकाळच्या उजेडात शटर उरत नाही.

१८ जानेवारी, शनिवार. ठाणे

डी५००वर फाइन ट्यून, म्हणजे ऑटोफोकसची बारीक दुरुस्ती. आरशाच्या बॉडीत फोकस वेगळ्या सेन्सरवर मोजला जातो, त्यामुळे लेन्सगणिक थोडी चूक राहते, आणि कन्व्हर्टर लावल्यावर ती वेगळीच येते. कॅमेरा ‘लेन्स’ आणि ‘लेन्स + कन्व्हर्टर’ यांची मूल्यं वेगळी साठवतो. म्हणून दोन्ही वेगवेगळी काढावीत, नुसत्या लेन्सचं मूल्य जोडीला लागू पडेल असं धरू नये.

पद्धत: ट्रायपॉड, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, लक्ष्य प्रत्यक्ष कामाच्या अंतराजवळ, म्हणजे इथे ३० मीटर. लाइव्ह व्ह्यूमध्ये मधल्या बिंदूवर फोकस घ्यायचा, मग फोकस मोडचं बटण आणि व्हिडिओ रेकॉर्डचं बटण एकत्र दोन सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरायचं. आकडा प्रत्येक वेळी थोडा हलतो, म्हणून पाच वेळा घेऊन मधला ठेवायचा. नुसत्या ५०० ला +२ आला, १.४ सह −५. हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही: ४० मीटरवर ‘दोन पिक्सेलच्या आत शार्प’ असा पट्टा ५०० एफ/५.६ ला सुमारे ६२ सेंमी, ७०० एफ/८ ला ४५ आणि १००० एफ/११ ला ३१ सेंमीचा असतो. अ‍ॅपर्चर बारीक झालं तरी पट्टा अरुंदच होतो. कन्व्हर्टर सॉफ्ट म्हणून परत विकले जातात, त्यांतले बरेच खरं तर फाइन ट्यूनशिवायचे असतात.

झेड८ला हे लागत नाही, कारण फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जातो.

डी५००ची दुसरी मर्यादा: एफ/५.६ पर्यंत १५३ फोकस बिंदू चालतात, एफ/८ ला फक्त मधले १५, आणि त्यातले निवडता येणारे ९. एफ/११ ला ऑटोफोकसचा भरवसा नाहीच. म्हणून २ पट कन्व्हर्टर डी५००वर यादीतून बाद.

२५ जानेवारी, शनिवार, एकादशी. सीवूड्स, टी. एस. चाणक्यमागचं पाणथळ

वेळ कशी ठरवली ते आधी. कोळीवाड्यातला जुना हिशेब: पंधरवड्याची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. एकादशीला अकरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाआठ. खाडीत जसजसं आत जाल तसा थोडा उशीर. नेमक्या वेळेसाठी भरतीचा तक्ताच बघावा, पण महिनाभराचं नियोजन करायला हा हिशेब पुरतो.

यात एक गंमतीचा पेच आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती. पाणी चिखलावर पूर्ण चढतं, पक्षी खाडी सोडून नेरुळचा डीपीएस तलाव आणि चाणक्यच्या पाणथळावर येऊन बसतात, अंतर कमी होतं. पण ही भरती येते भरदुपारी बाराला, जेव्हा हवा सगळ्यात जास्त थरथरते. अष्टमी-नवमीला भरती सकाळी सहा-सातला, हवा थंड, पण भरती भांगाची (कमी चढणारी), पाणी पुरेसं चढत नाही आणि पक्षी लांबच चिखलावर राहतात. मधला तोडगा एकादशी-द्वादशी: आठ-नऊला भरती, पाणी बऱ्यापैकी, ऊन कोवळं. लांब फोकल लांबीचं काम याच दिवसांना लावायचं असं ठरलं.

सूर्योदय सव्वासातच्या आसपास. गाडीत एसी बंद ठेवला होता. एसीतून निघालेली लेन्स खाडीच्या दमट हवेत उघडली की पुढच्या काचेवर आणि कन्व्हर्टरच्या भिंगावर वाफ धरते, आणि कन्व्हर्टरच्या आतली वाफ पुसता येत नाही. एसी लावावाच लागला तर बॅग बंद ठेवून अर्धा तास थांबायचं.

कन्व्हर्टर घरीच लेन्सला लावून आणलेला. बांधावर काढ-घाल करायचीच झाली तर कॅमेरा बंद, तोंड खाली, आधी कन्व्हर्टर लेन्सला आणि मग दोन्ही मिळून बॉडीला. बॉडीचं तोंड त्याने कमीत कमी वेळ उघडं राहतं. वजन नेहमी लेन्सच्या कॉलरच्या पायावर. बॉडीवर ट्रायपॉड लावला तर सगळा भार दोन माउंटच्या सांध्यांवर येतो. कन्व्हर्टर लावला की तोल मागे सरकतो, गिंबलवर प्लेट दोन-तीन सेंमी पुढे ढकलावी लागली.

झेड८, १/१०००, पूर्ण उघडं अ‍ॅपर्चर. पावणेआठला ५०० ला आयएसओ ८००, ७०० ला १६००. शेकाट्या ३५-४५ मीटरवर, तुतारींचा घोळका ५० च्या पुढे, फ्लेमिंगो १०० च्या आसपास. पाइपवरचे नकली कोड बांधाच्या कडेने ४० आणि ६० मीटरवर रोवून ठेवले होते.

४० मीटर: १.४ ने सगळे कोड. नुसत्या ५०० च्या क्रॉपने केशरीवरचे काही सुटले.
६० मीटर: १.४ ने पांढऱ्यावरचे सगळे, केशरीवरचे बहुतेक. क्रॉपमध्ये निम्म्याहून अधिक संशयास्पद.

पार्किंगमधल्या निकालाशी जुळतं. साडेनऊनंतर ६० मीटरच्या फोटोंत कडा हलायला लागल्या.

२६ जानेवारी, रविवार. फोटो तपासणी

नॉइजचा हिशेब पडताळला. शेकाट्याच्या पांढऱ्या छातीचा आणि पाठीच्या काळ्या भागाचा तोच तुकडा, ५०० आयएसओ ८०० आणि ७०० आयएसओ १६००, दोन्ही सारख्या आकारात आणून शेजारी ठेवले. पांढऱ्यात फरक सांगता येत नाही. काळ्यात ७०० किंचित खरखरीत, तोही शोधला तर दिसतो. तेव्हा ‘एक स्टॉप गेला’ हे रडगाणं शटर कमी करावं लागलं तरच खरं.

पण ते कधीकधी करावं लागतंच. ७०० मिमीला थरथर ५०० पेक्षा १.४ पट दिसते. ५०० ला १/१००० पुरत असेल तर ७०० ला १/१४०० हवं. एक स्टॉप कन्व्हर्टरचा, अर्धा शटरचा, असा दीड स्टॉपचा खर्च आधीच धरावा. २ पटला तो तीन स्टॉप होतो.

२ फेब्रुवारी, रविवार. वाशी, सागर विहार, भरदुपार

मुद्दाम वाईट वेळ निवडली. चतुर्थीच्या सुमाराची भरती दुपारी तीनला, म्हणजे बाराला चिखल उघडा आणि तापलेला. पक्षी १५० मीटरच्या पुढे.

निकाल चार शब्दांत: कन्व्हर्टर लावून उपयोग शून्य.

कारण समजून घेण्यासारखं आहे. तापलेल्या चिखलावरची हवा वेगवेगळ्या तापमानाच्या थरांत वर चढते, प्रत्येक थर प्रकाश थोडा वेगळा वळवतो. १५० मीटरच्या वाटेवर हे वळण साचत जातं. लेन्सपर्यंत पोचण्याआधीच तपशील विस्कटलेला असतो, आणि कन्व्हर्टर विस्कटलेलंच मोठं करून दाखवतो. बर्स्टमधल्या एका फ्रेममध्ये पाय सरळ, पुढच्यात वाकडा, तिसऱ्यात दोन पाय. शटर १/४००० केलं तरी विकृती जात नाही, फक्त गोठते. लोक याला फोकसची चूक समजतात आणि फाइन ट्यूनचे आकडे हलवत बसतात.

काय केल्याने थोडं सुधारतं, तेही तपासलं. जमिनीलगत झोपून काढण्यापेक्षा कठड्याच्या उंचीवरून बरं, कारण सगळ्यात वाईट थर चिखलाला चिकटून असतो. फोटोग्राफरना आवडतो तो खालचा कोन इथे महाग पडतो. पाण्यावरून जाणारी नजर चिखलावरून जाणाऱ्या नजरेपेक्षा बरी. उन्हात तापलेल्या लांब हूडमध्येही गरम हवा अडकते, ती निघून जायला हूड थोडा वेळ काढून ठेवावा. गाडीच्या काचेतून काढत असाल तर आतली आणि बाहेरची हवा सारखी होऊ द्यावी. तापलेल्या बॉनेटवरून तर नेम धरूच नये.

एक साधी कसोटी यातून मिळाली, आणि आता तीच आधी करतो: नुसती लेन्स लावून लाइव्ह व्ह्यूमध्ये १०० टक्के मोठं करायचं. पक्ष्याच्या पायाची कड स्थिर दिसली तर कन्व्हर्टर काढायचा बॅगेतून. कड नाचत असेल तर तो बॅगेतच राहू द्यायचा.

८ फेब्रुवारी, शनिवार, एकादशी. सीवूड्स

२ पटची मैदानातली चाचणी, झेड८वर. १००० मिमी, एफ/११. सव्वाआठला १/१००० साठी आयएसओ ३२००, म्हणजे उजेडाची ओरड नाही. अडचण वेगळीच. १००० मिमीला ४० मीटरवर फ्रेम जेमतेम १.४४ मीटर रुंद. ५०० ला ती २.८८ मीटर असते. चालत्या टिलव्याला शोधेपर्यंत तो फ्रेमबाहेर. ऑटोफोकस उजेडात पकडतो, पण कॉन्ट्रास्ट कमी असला की पुढे-मागे फिरत राहतो. लेन्सवरची ‘आठ मीटर ते अनंत’ ही मर्यादा लावली की फिरणं बरंच आवरतं. ती कायम लावून ठेवावी.

उभ्या, झोपलेल्या किंवा एका पायावर डुलकी घेणाऱ्या पक्ष्यावर २ पटने ६० मीटरला कोड वाचता आले, क्रॉपपेक्षा नक्कीच जास्त. पण १.४ पेक्षा जास्त वाचलेली अक्षरं बोटावर मोजण्याइतकी, आणि निकामी फ्रेम कितीतरी अधिक. चालत्या पक्ष्यावर १.४ सरळ पुढे.

दलदली भोवत्या खारफुटीवरून फिरत होता म्हणून उडत्या पक्ष्याचीही चाचणी उरकली. डी५०० + १.४: मधले पंधरा बिंदू सुटले की फोकस मागच्या खारफुटीवर जातो आणि परत येत नाही. झेड८ + १.४: बहुतेक फ्रेम चालण्याजोग्या. डी५००वर उडत्या पक्ष्यांसाठी कन्व्हर्टर काढूनच ठेवावा, फ्रेममध्ये पक्षी लहान आला तर आला.

९ फेब्रुवारी, रविवार. ऐरोली, बोटीतून

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट भरतीच्या वेळा पाहून सुटते. ही खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेली, त्यामुळे बोट किती जवळ न्यायची हे आपण ठरवत नाही, आणि नावाड्याला ‘अजून थोडं’ म्हणू नये. थवा उठला की त्यांची खाण्याची वेळ वाया जाते.

बोटीत ट्रायपॉड नको. इंजिनाची थरथर फळीतून पायात आणि पायातून लेन्समध्ये येते. हातात किंवा मोनोपॉड बुटावर टेकवून, व्हीआर स्पोर्ट मोडवर, १/२००० च्या खाली नाही. लहान रोहित (फ्लेमिंगो) सुमारे ९० सेंमी उंच. १०० मीटरवर ५०० ला तो हजार पिक्सेलच्या वर येतो, ७०० ला साडेचौदाशे. नुसत्या चित्रासाठी ५०० भरपूर आहे, आणि थवा उडाला तर ७०० मध्ये मावत नाही. बोटीत कन्व्हर्टर बदलण्याचा विचारही करू नये: खारं शिंतोडं आणि उघडा सेन्सर. परत आल्यावर माउंटचे धातूचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलके पुसले. खाऱ्या हवेने तिथे थर बसला की कॅमेरा कधी कन्व्हर्टर ओळखतो, कधी नाही, आणि माणूस उगाच दुरुस्तीवाल्याकडे धावतो.

१६ फेब्रुवारी, रविवार. येऊर

मूळ प्रश्नाच्या बाहेरची, पण कन्व्हर्टरच्या खऱ्या बलस्थानाची चाचणी. कन्व्हर्टरने लेन्सचं किमान फोकस अंतर बदलत नाही. ५०० पीएफ ३ मीटरवर ०.१८ पट मोठेपणा देते. १.४ लावला की त्याच ३ मीटरवरून ०.२५ पट. फुलपाखरू, चतुर, पालीसाठी हे उत्तम: तीन मीटरमध्ये हवा काही बिघडवत नाही, प्राणी बिचकत नाही. एक्स्टेंशन ट्यूब (भिंग नसलेली पोकळ नळी) लावली तर लांबचा फोकस जातो, कन्व्हर्टरने जात नाही. इथे २ पटही शोभून दिसला. क्षेत्राची खोली मात्र बोटभरसुद्धा नाही, पंख सेन्सरला समांतर धरले तरच काम होतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार. इतरांच्या किटसाठी

गटात वेगवेगळे कॅमेरे आहेत, म्हणून विकत घेण्याआधी काय बसतं ते लिहून ठेवलं. कॅनन आरएफ १००-५०० ला एक्स्टेंडर (कॅननचा टेलिकन्व्हर्टर) फक्त ३०० मिमीच्या पुढे चालतो. तो लावल्यावर झूम ३०० च्या खाली येत नाही, त्यामुळे बॅगेत लेन्स पूर्ण मिटत नाही. ५०० टोकाला १.४ सह ७०० एफ/१०. आरएफ १००-४०० ला बसतो, पण टोकाला एफ/११. सोनी २००-६०० ला बसतो, १.४ सह ८४० एफ/९. ७०-३५० ला बसत नाही. सोनी माउंटच्या सिग्मा-टॅमरॉन लेन्सना सोनीचा कन्व्हर्टर चालत नाही, दुकानात ‘चालेल हो’ म्हणाले तरी. निकॉन झेड १८०-६०० ला बसतो, ८४० एफ/९. एफ/९ आणि त्यापुढच्या जोड्या सकाळी साडेसात ते साडेनऊ या आपल्याच खिडकीत तोकड्या पडतात: हवा चांगली असते तेव्हा उजेड कमी. अशा झूमवाल्यांनी कन्व्हर्टरचे पैसे दाट पिक्सेलच्या बॉडीकडे वळवावेत.

जुना घेताना: मोबाइलचा टॉर्च मागून मारून बुरशीचे धागे पाहायचे, माउंटचे स्क्रू हललेत का, लेन्स लावून हलकं पिरगळल्यावर खेळ जाणवतो का, पुढच्या बाहेर आलेल्या भिंगावर ओरखडा आहे का. मग आपल्याच लेन्सवर, आपल्याच बॉडीवर पाच फोटो. दुसऱ्याच्या लेन्सवरचा निकाल आपल्याला लागू होत नाही.

ठरलं ते असं. १.४ विकत घ्यायचा, तो ५०० पीएफवरच राहील. झूमवाल्यांना तो द्यायचा नाही, त्यांनी क्रॉप करावा. २ पट घ्यायचा नाही. येऊरच्या कामासाठी लागेल तेव्हा भाड्याने. कोड वाचनाचे दिवस एकादशी-द्वादशीला, साडेनऊला कन्व्हर्टर उतरवायचा, ८० मीटरच्या पलीकडच्या पक्ष्याच्या कोडमागे लागायचं नाही. पुढची भरती यायची वाट पाहावी.

उरलेली कामं: ड्राय बॉक्स ४०-५० टक्के आर्द्रतेवर आणणे, सिलिका जेल पावसाळ्याआधी बदलणे. डी५००च्या जोडीचं फाइन ट्यून मे महिन्याच्या उकाड्यात पुन्हा तपासणे. हिरव्या आणि पिवळ्या झेंड्यांवरच्या अक्षरांसाठी पाइपच्या नव्या पट्ट्या छापणे.